खोटं पाखरू

बद्रीनाथाने मान मागे टाकली, गळ्याभोवतीचं उपरणं हनुवटीखाली फुगवून धरलं, धोतराचा सोगा पाठीवर पंख्यासारखा उभा केला आणि बेंबीच्या देठापासून एकच आवाज काढला.

"हूऽऽम!"

नाक्यावर तपासणीसाठी उभ्या असलेल्या गाडीचा डावीकडचा बैल दावं तोडून थेट इंग्रजी हद्दीत पळाला.

"बैलाला पटलं," जाजमावर मांडी घालून बसलेले सुंदरराव म्हणाले. "आता मंडळींनी शंका इचाराव्या."

कड्याकडून नगरला जाणाऱ्या वाटेवर, मोगलाई संपून इंग्रजी मुलूख सुरू होतो तिथे, निजाम सरकारचा करोडगिरी नाका होता. नाका म्हणजे एक आडवा बांबू, एक पत्र्याची खोली, एक लिंबाचं झाड, हद्दीचा एक दगड आणि बद्रीनाथ. मीठ, गूळ, कापड, जे काही हद्द ओलांडेल त्यावर जकात बसवायची, हे मुन्शी म्हणून त्याचं काम. वाटेवरून गाड्या जात थोड्याच; डोक्यावरून मात्र रहदारी जबर. भोरड्यांचे थवेच्या थवे इंग्रजीतून येत, मोगलाईतल्या ज्वारीवर ताव मारीत आणि छदाम न भरता परत जात. सरकारचं मीठ खाणारा माणूस म्हणून पहिल्या साली बद्रीनाथाला याचं वाईट वाटलं. दुसऱ्या साली त्यांची नावं जाणून घ्यावीशी वाटली. तिसऱ्या साली गाडीवाले बांबूपाशी खोळंबून हाका मारू लागले आणि मुन्शीजी लिंबाखाली मान वर करून उभे, असा प्रकार सुरू झाला.

अशाच एका खोळंब्यात सुंदरराव सापडले. सुंदरराव म्हणजे कड्याचे मोठे जमीनदार. मिशा गोफणीसारख्या, आणि शेतावर चार गोफणी निराळ्या. भोरड्यांशी त्यांचं पिढीजात वैर. शत्रू ओळखून असावा एवढ्यासाठी ते बद्रीनाथाशेजारी उभे राहिले, आणि तासाभराने स्वतःच विचारू लागले, "ती गुलाबी पाठीची नर का मादी रे?" त्यानंतर दर अमावास्येला लिंबाखाली जाजम पडू लागलं. बंकट धनगर मेंढरं वळती करून यायचा. कीर्तनाचे शौकीन विठ्ठलराव यायचे. आणखी चारदोन रिकामे यायचे. मंडळाला नाव नव्हतं, कारण नाव ठेवलं की सरकारात अर्ज करावा लागे.

नाव नव्हतं तरी नियम होता, बद्रीनाथानेच काढलेला, आणि तो कडक होता. ज्याने पाखरू पाहिलं असेल त्याने जाजमाच्या मधोमध उभं राहून ते करून दाखवायचं. चाल, मान, आवाज, सगळं. चित्र नाही, दुर्बीण नाही. माणसाचंच पाखरू करायचं आणि मंडळींनी शंका काढायच्या. शंकेला टिकलं तर पाखरू खरं. टिकलं नाही तर सांगणारा जाजमाबाहेर, हद्दीच्या दगडावर, पुढच्या पोळ्यापर्यंत. दगडावरून ऐकायची मुभा होती, बोलायची नव्हती.

या नियमाने विठ्ठलरावांचा बळी आधीच गेला होता. त्यांनी तळ्यावर राजहंस पाहिला होता आणि तो दूध पिऊन पाणी मागे ठेवत होता. "करून दाखवा," म्हटल्यावर विठ्ठलराव डुलत डुलत दोन पावलं चालले. बंकट खाली बसल्या जागेवरून म्हणाला, "ते बदक हाय." दुधाबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. विठ्ठलराव पोळ्यापर्यंत दगडावर बसले आणि पोळ्यानंतर कुणाचंही पाखरू त्यांना खरं वाटेनासं झालं.

आता बद्रीनाथाच्या हुमावर, म्हणजे माळढोकावर, पहिली शंका अर्थातच त्यांची आली.

"उंची केवढी म्हणता, मुन्शीजी?"

"माझ्या कमरेच्या वर."

"पाखरू?"

"पाखरू. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. चालतं कसं, तर..." आणि बद्रीनाथ जाजमावर चालला. एकेक पाऊल उचलून, जमिनीवर मेहेरबानी केल्यासारखं ठेवत, मधेच थांबून, मान जराशी मागे. सासरी आलेला जहागीरदार बैठकीत शिरतो तसा. मंडळी पुढे सरकली. आजवर त्यांनी बद्रीनाथाची टिटवी पाहिली होती, चास पाहिला होता, चंडोल तर त्याने असा केला होता की सुंदररावांनी वर आभाळात पाहिलं होतं. पण हे वेगळं होतं. धोतर नेसलेला, वाळका, पत्र्याच्या खोलीत राहणारा हा माणूस घटकाभर त्या सगळ्या माळरानाचा धनी दिसला.

"कोणत्या माळावर पाहिलंस?" सुंदरराव म्हणाले.

"ज्या माळावर ते व्हतं त्या."

बंकटने मान खाली घालून चिलीम भरायला घेतली. तो माळ त्याच्या मेंढरांचा होता.

"टिकलं," सुंदररावांनी निकाल दिला. "हूम खरा. आपल्या जाजमावर असं पाखरू न्हाई झालं आजवर. बीडला जाऊन सांगतो का न्हाई बघा!"

बीडला सांगायची खरं म्हणजे गरज नव्हती. त्या काळी चार डोकी एका ठिकाणी बसली की पाचवं डोकं सरकार पाठवी. इथलं पाचवं डोकं म्हणजे नाक्याचा जवान. त्याचं नाव बिभीषण. तेव्हा आईबापांनी बारशालाच त्याची नेमणूक करून ठेवली होती असं म्हणायचं. जाजमाच्या कडेला कमरपट्टा घालून तो बसे आणि जे बोलणं होईल ते कचेरीत जाऊन सांगे. 'टिटवी पाय वर करून झोपते व आभाळ पेलते हे खोटे ठरले, सरकारविरुद्ध काही नाही,' असं त्याने एकदा सांगितलं, तर 'आभाळ पडणार असं म्हणालं कोण,' याचीच चौकशी झाली. तेव्हापासून बिभीषण काहीच गाळत नसे.

त्याने हूमही गाळला नाही.

भाद्रपदात करोडगिरी खात्याचे बडे अधिकारी, मोहतमीम साहेब, दौऱ्यावर आले आणि कड्याच्या आमराईत त्यांचे तंबू पडले. साहेब माणूस वाईट नव्हता. शेर उत्तम म्हणे, चपराशालाही 'आप' म्हणे, आणि जे जे देखणं दिसेल ते मारून खाई. बद्रीनाथाला बोलावणं गेलं. त्याला वाटलं, आषाढात पळालेल्या बैलाची जकात.

"आइए, मुन्शी साहब," साहेब म्हणाले. "सुना है, वो बड़ा परिंदा आपने देखा है?"

आपल्या पाखराची कीर्ती इतक्या वर पोचली याचा बद्रीनाथाला एक क्षणभर आनंद झाला. तेवढ्यात तंबूच्या कोपऱ्यात उभी असलेली बंदूक त्याला दिसली.

"जी हुजूर," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं होतं.

"उसका गोश्त, मियाँ! अल्लाह ने एक परिंदे में दो मज़े रखे हैं, सीने का अलग, रान का अलग. आप हंगामी हैं ना?"

"जी."

"कब से?"

"हुजूर, लागलो तेव्हा केस काळे व्हते."

साहेब हसले. "कल सुबह दिखा दीजिए. इंशाअल्लाह, मुस्तकिल हो जाएँगे."

बद्रीनाथ नाक्यावर परतला तेव्हा उन्हं कलली होती आणि त्याची बायको सारजाबाई डोक्यावर घागर, कमरेवर घागर घेऊन झऱ्याकडून चढ चढत होती. पाणी लांब होतं. मुस्तकिल, म्हणजे कायम झालेल्या, मुन्शीला कड्यात दगडी घर मिळे आणि घराच्या परसात आड असे, हे सारजाबाईला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. किंबहुना लग्न ठरवताना तिला ते दाखवण्यात आलं होतं.

"कावून तोंड पाडलंय?" घागर उतरवत ती म्हणाली.

त्याने सांगितलं.

"मंग चांगलंच झालं की. कवाच्यान सांगते मी लोकांला, आमच्या मालकांची नौकरी हंगामी अन् पाखरं कायमची. आता नौकरी बी कायम व्हईल."

"अन् पाखरू?"

सारजाबाईने चूल पेटवायला घेतली. ओलं जळण धुमसलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "सकाळी पाण्याला जाते तवा ऐकू येतंय त्ये. आधी मला वाटलं, कुणी घागरीत तोंड घालून बोलतंय. मंग सवय झाली. न्हाई ऐकलं त चढ जास्ती लागतोय."

"म्हंजे तू बी...?"

"मी काई बगितलं न्हाई. मला कोण बसू देतंय जाजमावर? तुमचं तुमी बगा. मला भाकरी टाकायच्यात."

दिवेलागणीआधी बंकट आला. तो आत येत नसे, मेंढरांचा वास येतो म्हणून. उंबऱ्यापाशी घोंगडी अंथरून बसे.

"मुन्शीजी, खरं हाय का, उद्याच्याला शिकार हाय?"

"हाय."

"मादीनं अंडं घातलंय."

"कुठं?"

"उघड्यावर. काडी न्हाई, घर न्हाई, जिमिनीवर ठिवलंय धोंड्यावानी. एकच घालती ती. मी मेंढरं न्हेत न्हाई तिकडं आता. कुत्रं बी बांधून ठिवलंय." मग, "तुमीच दावणार का?"

"मी न्हाई म्हणालो त दुसरा कुणी दावील. सगळ्यांपुढं नाचलोय मी, बंकटा. बैल पळाला तिथंच मला कळाया पायजे व्हतं."

"बैलाला तेवढं कळलं," बंकट म्हणाला आणि घोंगडी झटकून गेला.

कटकारस्थानात बद्रीनाथाला गती नव्हती. रात्री त्याला एकच बेत सुचला आणि तोही बेताचाच होता: माळ उगवतीला, तेव्हा साहेबाला मावळतीला तळ्याकडे न्यायचं, बाभळबनातून हिंडवायचं आणि ऊन तापलं की साहेब आपोआप थकेल.

सकाळी लवाजमा निघाला. पुढे बद्रीनाथ, मागे साहेब, त्यांच्या अंगाला यजमान म्हणून सुंदरराव, बंदूक धरणारा, छत्री धरणारा, बिभीषण, आणि सगळ्यांत मागे गाढवावर पाटावरवंटा लादून खानसामा. मसाला त्याने वाटेतच वाटायला घेतला होता. साहेबाच्या नेमावर त्याची तेवढी श्रद्धा होती. सुंदरराव खुशीत होते. "आमच्या मंडळानं हुडकलेलं पाखरू हाय, हुजूर," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. आपण कशाची जाहिरात करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतःचं गाव दाखवायला निघालेल्या माणसाच्या ते ध्यानात येत नाही.

बाभळबनाशी आल्यावर बद्रीनाथ म्हणाला, "हुजूर, जरा थांबा. मी पुढं बघून येतो." आणि काट्यांतून वाकून पलीकडे निघाला.

पलीकडे हूम उभा होता.

पाखरांना कुणी बेत सांगत नाही. माळ सोडून, गवत चरत, नाकतोडे टिपत तो या अंगाला आला होता. बंदुकीच्या एका बारावर. पांढरी मान, काळी टोपी, पाठीवर ओल्या मातीचा रंग. त्याने बद्रीनाथाला पाहिलं नव्हतं. बद्रीनाथाने त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. आपण जाजमावर केलेली चाल जरा जास्तच ताठ होती, हे त्याच्या लक्षात आलं, आणि अशा वेळी हे लक्षात यावं याची त्याची त्यालाच लाज वाटली.

हुमाने मान मागे टाकली. गळ्याखालची पिशवी सुटली, फुगली, पार गवतापर्यंत लोंबली. शेपूट पाठीवर पंख्यासारखं उभं राहिलं.

"हूऽऽम!"

"वहीं है! वहीं है!" बाभळींच्या मागून साहेबांचा आवाज आला. पावलं धावली. बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज झाला.

हाकलावं तर ते जड पाखरू उडायला वेळ घेई आणि उडालं तरी खालूनच उडे. साहेबाने ते उडतं टिपलं असतं. गप्प राहावं तर पाच पावलांत सगळे इथे. तेव्हा पाखरू इथे असून भागणार नव्हतं. ते मुळात नसायलाच हवं होतं.

बद्रीनाथाने गळ्यातलं उपरणं हनुवटीखाली फुगवलं, धोतराचा सोगा पाठीवर उभा केला, आणि काट्यांतून उलटा, साहेबाच्या अंगावर, पावलं उचलून टाकत निघाला.

"हूऽऽम!"

बंदूक त्याच्या छातीवर होती. सुंदररावांनी हात मारून नळी वर केली म्हणून, नाहीतर खानसाम्याच्या मसाल्याला निराळंच काम लागलं असतं.

"हुजूर, मारू नका. मी हाय."

"आप? और वो परिंदा?"

"परिंदा-बिरिंदा काई न्हाई, हुजूर. मीच ओरडतो. नाक्यावर करमत न्हाई, म्हणून मंडळीला सांगितलं का हूम पाहिला. खोटं सांगितलं."

'खोटं' हा शब्द त्याने सुंदररावांकडे न बघता उच्चारला. तरी तो बरोबर तिथेच जाऊन लागला. सुंदररावांच्या मिशा खाली आल्या.

"फिर से कीजिए," साहेब म्हणाले. त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

बद्रीनाथाने केलं. आणि मग त्याला आपली चूक कळली. बाभळींपलीकडच्या हुमाने ते ऐकलं होतं आणि आपल्या माळावर हा दुसरा कोण नर उपटला, असा त्याचा समज झाला होता. तो उत्तर देणार होता. नराला नर ओरडला की दुसरा दम घेऊन ओरडतो. तो दम केवढा, हे बद्रीनाथाच्या अंगात मुरलेलं होतं. तो सरायच्या ठोक्याला त्याने स्वतःच पुन्हा आवाज दिला, उत्तराच्या बरोबर डोक्यावर. दोन्ही आवाज एक झाले.

"बहुत खूब!" साहेब म्हणाले.

आता थांबता येईना. थांबला तर पुढचं उत्तर उघडं पडणार. न थांबला तर ते आणखी चिडून पुढचं उत्तर देणार. बद्रीनाथ तळ्याच्या दिशेने, साहेबाला माळापासून दूर ओढत, ओरडत निघाला. दर दमाला एक. छत्रीवाला हसला, बंदूकवाला हसला, खानसामा इतका हसला की पाटा गाढवावरून घसरला. साहेबही हसले. मग हसायचे थांबले.

"बस, मुन्शी साहब. हमें यक़ीन आ गया."

"न्हाई हुजूर, अजून एक."

"अरे भाई, बस!"

"एकच, हुजूर."

तळ्याचा बांध ओलांडून उतारावर येईपर्यंत तो हूम होता. घसा फुटला, आवाजाची नुसती फुसकी हवा राहिली, तरी धोतराचा सोगा त्याने खाली येऊ दिला नाही. बांधाच्या पलीकडे मागचं काही ऐकू येत नव्हतं. तिथे तो खाली बसला. साहेबांनी त्याच्याकडे वेडसर पण निरुपद्रवी माणसाकडे बघतात तसं बघितलं आणि स्वतःच्या सुरईतलं पाणी त्याला द्यायला सांगितलं. माणूस वाईट नव्हताच. नोकरीवरून त्यांनी काढलं नाही. मुस्तकिल करायची गोष्ट तेवढी निघाली नाही, ती पुढे कधीच निघाली नाही.

घरी सारजाबाईने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या.

"झऱ्यावर व्हते मी," ती म्हणाली. "दोन आवाज येत व्हते."

बद्रीनाथाने घाबरून वर पाहिलं.

"एक चांगला व्हता," सारजाबाई म्हणाली, आणि रिकामी घागर उचलून पुन्हा चढाकडे गेली.

अमावास्येला जाजम पडलं. बद्रीनाथ उभाच राहिला. घसा अजून पुरता सुटला नव्हता.

"मी खोटं पाखरू सांगितलं. साहेबापुढं कबूल केलं. नियम काय हाय त्ये सगळ्यांला ठावं हाय."

विठ्ठलरावांनी या दिवसासाठी पुष्कळ सोसलं होतं. "नियम म्हंजे नियम," ते मायेने म्हणाले.

बंकट काहीतरी बोलायला पुढे सरला. बद्रीनाथाने त्याच्याकडे फक्त पाहिलं, मग कडेला बसलेल्या बिभीषणाकडे पाहिलं. बंकटने तोंड मिटलं.

"मी बीडला सांगून आलो," सुंदरराव म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "वकिलाला सांगितलं, व्याह्याला सांगितलं. म्हणलं, आमच्या बद्रीनाथानं पाहिलाय म्हंजे झालंच. तू सांगितलं असतंस बाभळीला आंबे आलेत, तरी मी पाटी घिऊन गेलो असतो रे."

बद्रीनाथ जाजमावरून उतरला आणि हद्दीच्या दगडावर जाऊन बसला. ज्याने हा नियम काढला होता त्याच्या खाली तो दगड त्या दिवशी फारच टणक निघाला.

तो वर्षभर तिथे बसला. ऊन असलं तरी, दिवाळीनंतरचा गार वारा असला तरी. जाजमावर कुणीही पाखरू केलं तरी ते चुकू लागलं. विठ्ठलरावांनी खंड्या केला तो कोंबडा झाला. सुंदररावांनी भोरडी केली, ती आधीच्या वैरामुळे फार दुष्ट झाली. शंका काढायला कुणी उरलं नव्हतं. दगडावर बसलेल्या माणसाच्या खांद्याची नुसती हालचाल होई, मानेचा एखादा झटका येई, आणि मंडळी चोरून तिकडे बघून आपापलं पाखरू दुरुस्त करून घेत. गावात मात्र पोरंटोरं त्याला बघून 'हूम, हूम' करीत. बाजारात भाजीवाल्या करीत. बद्रीनाथ ऐकून घेई. एकदाच त्याने एकाला थांबवून सांगितलं की मान आणखी मागे टाकायची असते.

पुढचा आषाढ आला. माळ हिरवा झाला. त्या अमावास्येला उन्हं उतरताना जाजम पडलं, मंडळी जमली, आणि बद्रीनाथ दगडावर बसून तांब्याने पाणी पीत होता. सारजाबाईने नुकतीच घागर आणली होती. त्याने तांब्या वरून न धरता तोंडालाच लावला होता, तहान फार लागली होती.

"हूऽऽम."

लांबून आला. माळावरून. गवतावरून वाहत, पोकळ, भरदार, पोटात उतरणारा.

जाजमावरचं बोलणं थांबलं. सगळ्यांच्या माना एकदम बद्रीनाथाकडे वळल्या. तांब्या त्याच्या तोंडाला होता. गळ्याची घाटी पाण्याच्या घोटासरशी वरखाली होत होती.

"हूऽऽम."

तांब्या अजून तोंडालाच. हनुवटीवरून पाणी ओघळून उपरण्यावर पडलं. त्याने तांब्या खाली ठेवला नाही, कारण खाली ठेवला असता तर कुणाच्या तरी डोळ्यांत बघावं लागलं असतं.

सुंदररावांचे ओठ हलले. वर्षापूर्वीचं बाभळबन, आपण वर उडवलेली ती नळी, तळ्याच्या बांधापर्यंत फाटत गेलेला तो आवाज, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलं. त्यांनी बंकटकडे पाहिलं. बंकट चिलीम भरत होता.

कमरपट्टा सावरत बिभीषण उठला. कर्तव्याला तो कधी चुकला नव्हता, आणि मोहतमीम साहेब पुढच्याच आठवड्यात दौऱ्यावर येणार होते.

"सुंदरराव, आवाज कशाचा आला?"

"आवाज?" सुंदरराव म्हणाले. "कसला आवाज?"

"आत्ता आला न्हाई का? दोनदा?"

"न्हाई बा. मला काई ऐकू आलं न्हाई."

हे बोलून सुंदररावांनी पागोटं उचललं. गुडघ्यावर हात ठेवून उठले. जाजमावरून उतरले, पायताणं घातली आणि सरळ हद्दीच्या दगडापाशी जाऊन बद्रीनाथाच्या शेजारी बसले. खोटं बोलणाऱ्याची जागा तीच होती.

"तुला, बंकटा?" बिभीषणाने विचारलं.

"मेंढरांत ऱ्हाऊन कान गेलेत माझे," बंकट म्हणाला, आणि चिलीम घेऊन दगडाकडे गेला.

विठ्ठलराव बराच वेळ बसून राहिले. त्यांना तो दगड चांगला ठाऊक होता. शेवटी उसासा टाकून ते म्हणाले, "मला तर, बाबा, राजहंसासारखं काईतरी वाटलं," आणि निघाले. उरलेले त्यांच्या मागोमाग गेले. दगड लहान होता. बद्रीनाथ प्रत्येकाला जागा करून देता देता सरकत राहिला, इतका की मोगलाई सोडून पार इंग्रजी हद्दीत गेला. बोलला मात्र कुणाशीच नाही. दगडावरून बोलायची मुभा नव्हती, आणि पोळा अजून महिनाभर लांब होता.

जाजमावर एकटा बिभीषण राहिला. तो माळाकडे बघत उभा होता.

"बे बिभीषणा," बंकट म्हणाला, "उभा कावून? नीट ऐक. येतोय का आवाज?"

"हूऽऽम," माळ म्हणाला.

बिभीषणाने तो शेवटपर्यंत ऐकला. मग कमरपट्टा सोडला, त्याची नीट घडी केली, जाजमाच्या कडेला ठेवली, आणि येऊन सगळ्यांच्या मागे उकिडवा बसला.

लिंबाखाली रिकामं जाजम पसरलं होतं. थोड्या वेळाने एक चंडोल त्याच्यावर उतरला, दोन पावलं चालला, शेंडी उभारून थांबला. कुणी शंका काढली नाही.